जुनी चेन-सॉ पारखताना

मे महिन्याच्या अखेरीस वळवाचा पाऊस येतो तो वादळ सोबत घेऊनच. बालाघाटाच्या रांगेवरील धारूर, पाटोदा, अंबाजोगाई या भागांत दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलेले दृश्य दिसते. बांधावरची बाभूळ आडवी झालेली असते, कडुलिंबाची फांदी गोठ्याच्या पत्र्यावर पडलेली असते, कुठे शाळेच्या वाटेवर सुबाभळीचे खोड लोळत असते. कुऱ्हाडीने हे काम करायला दिवस जातो. पंचक्रोशीत झाडे कापण्याचे यंत्र असलेला माणूस एखादाच असतो आणि त्या आठवड्यात तो सापडत नाही. अशा वेळी कोणीतरी सांगते, ‘‘एक जुनी चेन-सॉ विकायची आहे. नव्याच्या निम्म्या किमतीत मिळेल.’’

घ्यावी का? या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा यंत्राच्या रंगावरून, नाहीतर विकणाऱ्याच्या बोलण्यावरून दिले जाते. प्रत्यक्षात जुने यंत्र आपला इतिहास स्वतःच सांगत असते. त्याचा प्रत्येक भाग काय काम करतो हे ठाऊक असले, की तो इतिहास वाचता येतो. त्यासाठी आठवी ते बारावीच्या विज्ञानापलीकडचे फारसे काही लागत नाही. या लेखात आपण चेन-सॉ कशी चालते ते पाहू आणि त्या आधारे जुन्या यंत्रातील कोणता दोष किरकोळ, कोणता खर्चिक आणि कोणता जिवावर बेतणारा, हे ठरवू. ही तीन गटांची विभागणीच खरेदीच्या वेळी कामाला येते.

आधीचा प्रश्न : यंत्र हवेच का?

करवतीला करावे लागणारे काम लाकडाच्या जाडीच्या नव्हे, तर कापल्या जाणाऱ्या तोंडाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते. ५ सेंटिमीटर व्यासाच्या फांदीचे तोंड सुमारे २० चौरस सेंटिमीटर भरते. २० सेंटिमीटर व्यासाच्या खोडाचे भरते सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर. जाडी चौपट, काम सोळापट. म्हणूनच मनगटाएवढी फांदी हातकरवतीने मिनिटभरात निघते, पण मांडीएवढे खोड घाम काढते.

बीडचे सीताफळ प्रसिद्ध आहे. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. सीताफळाच्या छाटणीत बहुतेक फांद्या बोटापासून मनगटापर्यंतच्या जाडीच्या असतात. तेथे छाटणीची कात्री आणि वक्र पात्याची हातकरवत हीच योग्य अवजारे. चेन-सॉने बारीक फांद्या कापायला गेले, तर त्या साखळीबरोबर ओढल्या जातात, फटकारतात आणि कापही ओबडधोबड होतो. केवळ बागेच्या छाटणीसाठी यंत्र घ्यायचे असेल, तर ते पैसे वाचवावेत.

वर्षातून एखादाच दिवस जाड लाकूड कापायचे असेल, तर यंत्रवाल्याला बोलावणे स्वस्त पडते. पण बांधावरची बाभूळ, पडीक रानातली वेडी बाभूळ, वादळात पडलेली झाडे आणि सरपण असे काम वर्षातून आठ-दहा वेळा निघत असेल, तर लहान चेन-सॉचा विचार जरूर करावा.

लहान म्हणजे किती? ३० ते ३५ घनसेंटिमीटरचे इंजिन, सुमारे दीड किलोवॅट शक्ती, ३० ते ३५ सेंटिमीटर लांबीची पट्टी आणि पट्टी-साखळी वगळून चार-साडेचार किलो वजन. हलक्या कामाला एवढे पुरते. बाजारात अनोळखी छापाची मोठाल्या आकड्यांची यंत्रे दिसतात. हे आकडे हिशेबाने तपासता येतात. समजा, सिलिंडरचा व्यास ४५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ३२ मिलिमीटर आहे. व्यासाचा वर्ग गुणिले पाय भागिले चार, त्याला धावेने गुणले, की सुमारे ५१ घनसेंटिमीटर येतात. झाकणावर ५८ छापलेले असले, तरी गणित बदलत नाही.

दात कसा कापतो?

साध्या करवतीचे दात आळीपाळीने डाव्या-उजव्या बाजूंस कललेले असतात. ते लाकूड खरवडतात आणि बारीक भुसा पाडतात. सुरुवातीच्या चेन-सॉचे दातही असेच असत. ते लवकर बोथट होत आणि त्यांना धार लावण्यात फार वेळ जाई. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात जोसेफ कॉक्स हा लाकूडतोड्या १९४६ मध्ये एका ओंडक्याकडे पाहत असताना त्याला लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची अळी दिसली. ती ओल्या-सुक्या लाकडातून, तंतूंच्या दिशेने आणि आडवीही, सारख्याच सहजतेने वाट काढत होती. तिचे दोन जबडे इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखे वाकडे होते आणि ते एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे लाकूड कातरत होते. त्या जबड्यांचा आकार पोलादात उतरवून कॉक्सने १९४७ मध्ये नव्या प्रकारची साखळी बाजारात आणली. आजच्या चेन-सॉचा दात त्याच कुळातला आहे.

हा दात जवळून पाहा. त्याचे दोन भाग दिसतील. मागचा भाग वरून वाकवलेला व धारदार असतो. तो लाकडाची ढलपी काढतो. त्याच्या पुढे एक बुटका उंचवटा असतो. त्याला धार नसते. त्याचे काम दात किती खोल घुसेल ते ठरवणे. सुताराचा रंधा आठवा. पाते तळातून किती बाहेर काढले आहे, त्यावर ढलपीची जाडी ठरते. येथे उंचवटा म्हणजे रंध्याचा तळ आणि दात म्हणजे पाते. दोहोंच्या उंचीतला फरक सुमारे ०.६५ मिलिमीटर असतो.

यावरून जुन्या यंत्राची पहिली परीक्षा ठरते. वाळलेल्या ओंडक्यावर आडवा काप घेऊन खाली काय पडते ते पाहावे. जाडसर ढलप्या पडल्या, तर धार ठीक आहे. पिठासारखा भुसा पडला आणि माणसाला यंत्र दाबावे लागले, तर धार गेली आहे. उंचवटा कानशीने फार खाली घासलेला असेल, तर दात खोल घुसून यंत्र दणके देते. असे घासकाम धोक्याचे असते, कारण पुढे येणारी ‘उसळी’ त्यामुळे वाढते.

धार जाणे हा मोठा दोष नव्हे. वाळलेल्या बाभळीचे लाकूड घनमीटरला साडेसातशे-आठशे किलो भरते आणि आपल्याकडे सालीत धूळ-माती बसलेली असते. त्यामुळे धार लवकर जायचीच. गोल कानशीने ती परत लावता येते. फक्त दाताची लांबी मोजावी. ती ४ मिलिमीटरच्या खाली गेली असेल, तर ती साखळी संपली असे समजून नव्या साखळीचे पैसे किमतीतून वजा करावेत.

वेगाचा हिशेब

साखळीला ओढणारे दातेरी चाक क्लचच्या बाजूला असते. लहान यंत्रात त्याला बहुधा सहा दात असतात. साखळीच्या खालच्या बाजूने पट्टीच्या खोबणीत घुसणाऱ्या कड्यांना आपण चालक कड्या म्हणू. लहान यंत्रांतील नेहमीच्या साखळीत दोन शेजारच्या चालक कड्यांमधील अंतर १९.०५ मिलिमीटर असते. चाकाची एक फेरी म्हणजे सहा कड्या, म्हणजे सुमारे ११४ मिलिमीटर. इंजिन मिनिटाला १०,००० फेऱ्या घेत असेल, तर साखळी मिनिटाला ११४३ मीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १९ मीटर धावते. हा वेग ताशी ६८ किलोमीटर झाला.

५० चालक कड्यांच्या साखळीची एकूण लांबी सुमारे ९५ सेंटिमीटर भरते. म्हणजे ती पट्टीभोवती सेकंदाला २० वेळा फिरते. तिच्यात २५ दात असतील, तर कापाच्या जागेवरून सेकंदाला ५०० दात जातात. डोळ्याने पाहून हात हलवायला माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो. तेवढ्यात साखळी जवळपास पाच मीटर पुढे गेलेली असते. हा एक आकडा लक्षात ठेवला, तर पुढचे सारे सावधगिरीचे मुद्दे वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

दोन धावांचे इंजिन आणि त्याचे आजार

लुना, जुनी बजाज स्कूटर किंवा आजचा पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप ज्यांनी वापरला आहे, त्यांना पेट्रोलमध्ये तेल का घालतात हे ठाऊक असते. दोन धावांच्या या इंजिनात पिस्टनच्या खालची जागाही कामात गुंतलेली असते. पिस्टन वर जाताना खाली पेट्रोल आणि हवेचे मिश्रण ओढले जाते. खाली येताना तेच मिश्रण वर ढकलले जाते. त्यामुळे खाली वेगळे तेल साठवून ठेवता येत नाही. वंगण पेट्रोलमधूनच पाठवावे लागते. चांगल्या प्रतीचे टू-टी ऑइल असेल, तर लिटरला २० मिलिलिटर म्हणजे पन्नासास एक, हे प्रमाण अनेक उत्पादक सांगतात. साध्या तेलासाठी ते ४० मिलिलिटरपर्यंत जाते.

विकणाऱ्याला सहज विचारावे, ‘‘यात तेल किती घालता?’’ माप सांगणाऱ्याचे यंत्र बहुधा नीट वापरलेले असते. ‘‘अंदाजाने थोडे टाकतो’’ असे उत्तर आले, तर पुढची तपासणी अधिक बारकाईने करावी.

तेल कमी पडले किंवा मिश्रणात पेट्रोल कमी व हवा जास्त झाली, की पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरच्या भिंतीवर घासतो. मिस्त्री म्हणतात, ‘‘इंजिन सीझ झाले.’’ याच्या खुणा मागे राहतात आणि त्या पाहता येतात. सायलेन्सर दोन-तीन स्क्रूंनी बसवलेला असतो. इंजिन थंड असताना तो काढला, की धूर बाहेर पडण्याचे भोक दिसते. प्लग काढून दोरी सावकाश ओढावी आणि बॅटरीच्या उजेडात त्या भोकातून पिस्टनची बाजू पाहावी. ती गुळगुळीत आणि झिलईदार असेल, तर उत्तम. वर-खाली जाणारे खोल ओरखडे असतील, तर इंजिन सीझ होऊन गेलेले आहे. धुराच्या बाजूचे ओरखडे उष्णतेचे आणि तेलाच्या अभावाचे असतात. मिश्रण आत येण्याच्या बाजूला ओरखडे असतील, तर फाटक्या एअर फिल्टरमधून धूळ आत गेली असावी. उन्हाळ्यात धुळीत चालणाऱ्या आपल्याकडच्या यंत्रांत दुसरा प्रकार शोधून पाहावा.

दुसरी परीक्षा दाबाची. प्लगच्या जागी दाबमापक लावून, एक्सलरेटर पूर्ण उघडा ठेवून दोरी पाच-सहा वेळा ओढावी. लहान यंत्रात चौरस सेंटिमीटरला साधारण ८ किलो किंवा त्याहून अधिक दाब यावा. सातच्या खाली असेल, तर पिस्टनच्या रिंगा तरी गेल्या आहेत नाहीतर सिलिंडर. मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्याकडे असा मापक मिळू शकतो.

मापक नसेल तर एक जुनी युक्ती आहे. यंत्राचे बटण बंद करावे, साखळीवर म्यान चढवावे आणि जमिनीपासून थोड्याच उंचीवर यंत्र दोरीच्या मुठीला धरून लटकवावे. दाब चांगला असेल, तर यंत्र थांबत थांबत, टप्प्याटप्प्याने खाली येते. कारण दर वेळी पिस्टनला कोंडलेल्या हवेविरुद्ध वर जावे लागते. ते सरळ घसरत खाली आले, तर हवा कोठूनतरी निसटते आहे. दोरी हलकी ओढता यावी म्हणून ज्या यंत्रांत वेगळी सोय केलेली असते, त्यांना मात्र ही परीक्षा लागू पडत नाही.

यंत्र नेहमी थंड असतानाच सुरू करून पाहावे. तुम्ही पोचण्यापूर्वीच ते गरम करून ठेवले असेल, तर थंड होईपर्यंत थांबावे. गरम इंजिन अनेक दोष झाकते. सुरू झाल्यावर मंद गतीवर ते न थांबता चालले पाहिजे, आणि त्या वेळी साखळी अजिबात फिरता कामा नये. क्लचमधील दोन-तीन वजने वेग वाढल्यावरच बाहेर फेकली जाऊन भोवतालच्या वाटीला पकडतात. मंद गतीवर साखळी फिरत असेल, तर मंद गतीचा स्क्रू बिघडलेला आहे किंवा क्लचची स्प्रिंग ढिली झाली आहे.

पेट्रोल बदलले आहे

मोटारसायकलच्या कार्बोरेटरमध्ये तरंगता फ्लोट असतो. यंत्र आडवे झाले, की त्याचे काम बिघडते. चेन-सॉ तर आडवी-तिडवी धरूनच वापरायची असते. म्हणून तिच्या कार्बोरेटरमध्ये फ्लोटऐवजी रबरासारखा पातळ पडदा बसवलेला असतो. हा पडदा आणि पेट्रोलची नळी हे जुन्या यंत्राचे सर्वांत नाजूक अवयव.

येथे एक नवी गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. २०२५ पासून देशातील पंपांवरच्या पेट्रोलमध्ये साधारण २० टक्के इथेनॉल असते. ज्या उसाच्या तोडणीसाठी बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी घर सोडून जातात, तो ऊस या इथेनॉलचा एक मोठा स्रोत आहे. जुन्या यंत्रासाठी मात्र इथेनॉल तीन प्रकारे अडचणीचे ठरते. ते जुन्या प्रकारचे रबर फुगवते व मऊ करते. ते हवेतले पाणी शोषून घेते. पाणी फार झाले, की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर होतो आणि त्यात वंगण उरत नाही. तिसरे म्हणजे त्याच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो. २० टक्के मिश्रणासाठी हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे शुद्ध पेट्रोलसाठी जुळवलेल्या जुन्या कार्बोरेटरमधून गरजेपेक्षा सुमारे आठ टक्के जास्त हवा जाते, आणि इंजिन जास्त तापते.

म्हणून जुने यंत्र घेतल्यावर नळी, पडदा आणि पेट्रोलचा फिल्टर बदलून घ्यावेत, कार्बोरेटर जाणकाराकडून जुळवून घ्यावा, मिश्रण दोन-तीन आठवड्यांपुरतेच करावे आणि काम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे. ‘‘वर्षभर पडून आहे, पण सुरू होत नाही,’’ अशा यंत्राचे दुखणे पुष्कळदा एवढेच असते. दाब आणि पिस्टन ठीक असतील, तर असे बंद यंत्र चालू यंत्रापेक्षाही चांगला सौदा ठरू शकते.

पट्टी, साखळी आणि तेल

साखळी ‘ताणली’ जाते असे आपण म्हणतो, पण पोलाद ताणले जात नाही. ५० चालक कड्यांच्या साखळीत १०० रिव्हेट असतात. प्रत्येक भोक केवळ ०.०५ मिलिमीटर झिजले, तरी साखळी ५ मिलिमीटरने लांब होते. ही झीज कमी ठेवण्यासाठी पट्टीवर सतत तेल यावे लागते. त्यासाठी यंत्रात वेगळी टाकी व छोटा पंप असतो. परीक्षा सोपी आहे. यंत्र चालू करून पट्टीचे टोक एखाद्या फिकट रंगाच्या पुठ्ठ्यासमोर, त्याला न टेकवता, काही क्षण धरावे. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. इंजिनातून काढलेले काळे तेल येथे वापरू नये. त्यात धातूचे कण असतात आणि त्याचे तुषार कातडीला व श्वासाला अपायकारक असतात.

पट्टी काढून तिच्या खोबणीत पाहावे. दोन्ही कडा सारख्या उंचीच्या हव्यात. साखळी पट्टीवर डावी-उजवीकडे फार कलंडत असेल, तर खोबण रुंद झाली आहे आणि काप वाकडा जाईल. दातेरी चाकावर साखळीने अर्ध्या मिलिमीटरहून खोल चर पाडले असतील, तर चाकही बदलावे लागेल. नवी साखळी झिजलेल्या चाकावर चढवली, तर तीही लवकर झिजते.

जेथे स्वस्ताई चालत नाही

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. पट्टीच्या टोकाचा वरचा चतुर्थांश चालू असताना लाकडाला किंवा मागच्या फांदीला टेकला, तर तेथे दात खाली वळत असताना अडकतात. साखळी अडते, पण तिच्यातील ऊर्जा जाणार कोठे? क्रियेला प्रतिक्रिया म्हणून पट्टी वर आणि मागे, म्हणजे कापणाऱ्याच्या मानेच्या व डोक्याच्या दिशेने फेकली जाते. ही उसळी सेकंदाच्या एका लहानशा भागात घडते. आपला पाव सेकंदाचा हिशेब आठवा. माणूस ती पाहून टाळू शकत नाही.

म्हणून १९७०च्या दशकापासून चेन-सॉला साखळी-ब्रेक बसवला जाऊ लागला. पुढच्या दांड्यासमोर जे उभे कवच असते तोच या ब्रेकचा खटका. उसळी आली, की ते मनगटाला लागून पुढे ढकलले जाते आणि एक पोलादी पट्टा क्लचच्या वाटीला आवळून साखळी थांबवतो. अनेक यंत्रांत जोराच्या झटक्याने कवच आपल्याच जडत्वामुळे पुढे पडते.

याची तपासणी इंजिन बंद ठेवून सुरू करावी. ब्रेक लावावा आणि जाड हातमोजा घालून साखळी ओढून पाहावी. ती हलू नये. ब्रेक सोडला, की ती सहज फिरावी. मग जाणकार माणसाने यंत्र दोन्ही हातांनी घट्ट धरून, पूर्ण वेगात असताना डावे मनगट वळवून कवच पुढे ढकलावे. साखळी तत्क्षणी थांबली पाहिजे. पुष्कळ जुन्या यंत्रांवर कवच तुटलेले किंवा ‘मध्ये येते’ म्हणून काढून टाकलेले आढळते. असे यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नये.

याच पंक्तीत आणखी तीन भाग येतात. मागच्या मुठीवरचा खटका दाबल्याशिवाय एक्सलरेटर दबता कामा नये. साखळी तुटल्यास तिला अडवणारा आकडा पट्टीच्या बुडाशी असायला हवा. मूठ आणि इंजिन यांमधील रबर किंवा स्प्रिंगा शाबूत हव्यात. नाहीतर हादरे थेट हातात येतात.

आवाजाचाही विचार हवा. कापणाऱ्याच्या कानाशी तो १०० डेसिबलच्या वर जातो. ८५ डेसिबल आठ तास सोसता येतात असे धरले आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा केला, तर १०० डेसिबलसाठी १५ मिनिटेच उरतात. कानावरची कवचे, चष्मा, जाड पँट, बूट आणि हातमोजे यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा.

विजेवरचा पर्याय

घराच्या किंवा शाळेच्या आवारातच काम असेल, तर विजेवर चालणारी जुनी चेन-सॉ विचारात घ्यावी. तिच्यात पिस्टन नाही, कार्बोरेटर नाही, शिळे पेट्रोल नाही. बहुधा कार्बन ब्रश आणि बटण एवढेच तपासावे लागते. अडचण वायरची असते. २००० वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेते. दीड चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची ५० मीटर वायर असेल, तर जाण्या-येण्याच्या १०० मीटरचा रोध सुमारे १.२ ओहम होतो आणि १० व्होल्ट वायरमध्येच खर्च होतात. निम्म्या जाडीच्या वायरमध्ये २० व्होल्ट जातात. खेड्यात आधीच १९० व्होल्ट येत असतील, तर यंत्राला १७० उरतात. ढोबळ मानाने शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात धरली, तर ती निम्म्यावर येते आणि मोटार तापते. म्हणून वायर जाड आणि शक्य तेवढी आखूड असावी. ओल्या जागी हे यंत्र वापरूच नये.

तीन ढीग

आता दोषांचे तीन ढीग करू. पहिला किरकोळ दोषांचा : बोथट साखळी, प्लग, एअर फिल्टर, दोरी, पेट्रोलची नळी, कार्बोरेटरचा पडदा. यांच्यासाठी यंत्र नाकारू नये. दुसरा भाव पाडून घेण्याच्या दोषांचा : झिजलेली पट्टी, दातेरी चाक, तेलाचा पंप, क्लच. दुकानात सुट्या भागांची किंमत विचारून ती वजा करावी. तिसरा नकाराचा : ओरखडलेला पिस्टन, कमी दाब, खडखडणारी बेअरिंगे, तडा गेलेली मूठ, न चालणारा ब्रेक. ज्याचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळत नाहीत ते यंत्रही याच ढिगात टाकावे. नामांकित छापाचे दहा वर्षे जुने यंत्र, भाग मिळत असतील, तर अनोळखी छापाच्या वर्षभर जुन्या यंत्रापेक्षा बरे. पावती मात्र लिहून घ्यावी.

यंत्र मिळाले म्हणून झाड आपले होत नाही, हेही सांगायला हवे. आंबा, चिंच, जांभूळ, साग यांसारखी झाडे स्वतःच्या शेतात असली, तरी महाराष्ट्र वृक्षतोड नियमन अधिनियम, १९६४ नुसार तोडण्यापूर्वी परवानगी लागते. मराठवाड्यात जंगल मुळातच तुटपुंजे. बीडजवळ पालवणच्या माळावर लोकांनी देवराई उभी केली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तेथे वृक्षसंमेलन भरवले, ते याच उणिवेपोटी. चेन-सॉने जे मिनिटात आडवे होते, ते वाढायला या पर्जन्यछायेच्या प्रदेशात वीस-तीस वर्षे घेते.

शिक्षकांसाठी शेवटची सूचना. चालू यंत्र मुलांच्या जवळ कधीही नेऊ नये. पण मिस्त्रीकडे टाकून दिलेली साखळी आणि सीझ झालेला पिस्टन मिळाला, तर तो प्रयोगशाळेत जरूर आणावा. साखळी बोथट असली, तरी हातमोजे घालून हाताळावी. मुलांनी तीन लागोपाठच्या रिव्हेटांमधील अंतर मोजून त्याची निम्मी करावी. तोच साखळीचा ‘पिच’. दात मोजून वेगाचा वरचा हिशेब स्वतः करावा, आणि पिस्टनवरचे ओरखडे पाहून ते उष्णतेचे की धुळीचे, यावर वाद घालावा. एवढे केलेला विद्यार्थी उद्या फवारणी पंप घेताना किंवा जुनी मोटारसायकल घेताना यंत्राचा रंग पाहणार नाही. आधी सायलेन्सर काढून आत डोकावेल.